आधी बटणं कोणाच्या हाती ते पाहा, मग कलमं लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेशनस्टेट्स या इंटरनेटवरच्या राष्ट्र चालवायच्या खेळातल्या पाच प्रदेशांना मिळून एक संघ करायचा आहे. तीन प्रदेश स्ट्राँगहोल्ड, म्हणजे कवच असलेले, दोन फ्रंटियर, म्हणजे उघडे. एका उत्साही सदस्याने घटनेचा मसुदा लिहून आणलाय. त्यात संघाध्यक्ष, दोन सभागृहं, सर्वोच्च न्यायालय, मूलभूत हक्क असं सगळं आहे. असे संघ प्रत्यक्षात कसे चालतात आणि हा मसुदा टिकेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मसुदा वाचला. भाषा नेटकी आहे. पण सबंध मसुद्यात एंडोर्समेंटचा, म्हणजे राष्ट्रांनी एकमेकांना दिलेल्या पाठिंब्याचा, उल्लेख एकदाही नाही, आणि माझी शंका तिथूनच सुरू होते. या खेळात मी डेलिगेट, म्हणजे प्रदेशाचा प्रमुख, होतो, प्रादेशिक सभेचा सभापती होतो, सुरक्षेच्या समितीवर बसलोय, आणि काही संघ उभे राहताना नि विरघळताना जवळून पाहिलेत. त्यावरून सांगतो, की इथे दोन घटना एकाच वेळी लागू असतात. एक तुम्ही लिहाल ती. दुसरी संकेतस्थळाच्या प्रोग्राममध्ये आहे आणि तिच्यात दुरुस्ती करायचा अधिकार तुमच्यापैकी कोणालाच नाही. दोघींचं जुळलं नाही, की चालतं दुसरीचंच.

म्हणून आधी तिच्याबद्दल. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने नोव्हेंबर २००२ मध्ये हा खेळ सुरू केला. मुळात तुम्ही एकट्याने एक राष्ट्र चालवता. पुढ्यात प्रश्न येतात, तुम्ही पर्याय निवडता, अर्थव्यवस्था आणि नागरी स्वातंत्र्य वरखाली होत राहतं. राजकारण सुरू होतं ते राष्ट्रं प्रदेशात एकत्र आली की. वर्ल्ड असेंब्ली या खेळातल्या जागतिक सभेचं सदस्य असलेलं राष्ट्र आपल्याच प्रदेशातल्या दुसऱ्या सदस्याला एंडोर्समेंट देऊ शकतं. ज्याच्याकडे सर्वांत जास्त, तो डेलिगेट. मतदारयादी नाही, मुदत नाही, शपथ नाही. दिवसातून दोनदा सर्व्हर एकेका प्रदेशाची मोजणी करत जातो, त्याला अपडेट म्हणतात. त्या क्षणी जो पुढे, प्रदेश त्याचा. एका माणसाने राष्ट्रं कितीही काढावीत, पण वर्ल्ड असेंब्लीत त्याचं एकच चालतं, आणि ही अट मोडली तर संकेतस्थळाचे नियामक कारवाई करतात. घुसखोरी, सत्तापालट, फितुरी हे मात्र सगळं खेळाच्या नियमांत बसतं. आमच्या डेलिगेटने आमचीच घटना मोडली, अशी तक्रार घेऊन नियामकांकडे गेलात तर ते तुमचं घरचं भांडण म्हणून परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

प्रदेशाच्या संस्थापकाचं स्थान या सगळ्याच्या वर असे. त्याचे अधिकार एंडोर्समेंटवर अवलंबून नसत, त्यामुळे तो असेपर्यंत हल्लेखोरांनी बळकावलेला प्रदेशही एका बैठकीत परत घेता येई. पण २८ दिवस लॉगिन न झालेलं राष्ट्र गळून पडतं. सुट्टीची सोय लावून ठेवली असेल तर ६० दिवसांनी. संस्थापक परीक्षेत, नोकरीत, संसारात अडकला, राष्ट्र गेलं, प्रदेश उघडा पडला, हे वर्षानुवर्षं चालत आलं. २०२३ मध्ये नियम बदलले. आता संस्थापकाच्या त्या अधिकारांवर गव्हर्नर असतो, त्याच्यामागे वारसांची सोय करता येते, आणि प्रदेशाने स्ट्राँगहोल्ड राहायचं की फ्रंटियर हे ठरवायचं असतं. स्ट्राँगहोल्डला गव्हर्नरचं कवच आहे. फ्रंटियरला ते नाही. त्याबदल्यात खेळात नव्याने जन्मणाऱ्या राष्ट्रांतला वाटा त्याला मिळतो. पूर्वी ही आवक फक्त पाच पॅसिफिक प्रदेशांत व्हायची आणि बाकीच्यांना टेलिग्राम, म्हणजे खेळातले संदेश, पाठवून पाठवून माणसं गोळा करावी लागत.

तुमच्या संघाचा खरा सौदा इथे आहे, आणि मसुद्यात तोच नाही. दोन फ्रंटियर माणसं आणतील आणि धोकाही आणतील. तीन स्ट्राँगहोल्ड सुरक्षित आहेत, पण त्यांच्याकडे नवं रक्त आपोआप येत नाही. मग फ्रंटियरने नव्या राष्ट्रांना संघातल्या इतर प्रदेशांची ओळख करून द्यायची, आणि स्ट्राँगहोल्डने आपली वर्ल्ड असेंब्लीतली माणसं फ्रंटियरच्या रक्षणाला द्यायची. किती, कोणत्या मुदतीत, कोणाच्या हुकमावर, हे आकड्यांत लिहा. ‘सदस्य प्रदेश परस्परांच्या संरक्षणास कटिबद्ध राहतील’ हे तुमचं तिसरं कलम वाचायला छान आहे. अपडेटच्या आधी दहा मिनिटं त्याचा उपयोग शून्य.

त्या दहा मिनिटांत काय होतं ते जरा जवळून पाहू. अपडेटमध्ये प्रदेश ठराविक क्रमाने येतात, त्यामुळे तुमची पाळी कधी लागणार याचा अंदाज सेकंदांपर्यंत बांधता येतो. हल्लेखोर, म्हणजे रेडर, दुसऱ्याच कुठल्यातरी प्रदेशात दबा धरून असतात. तुमचा डेलिगेट सहा एंडोर्समेंटवर निवांत आहे. सहा राष्ट्रांच्या मैत्रीवर आजवर त्याचं छान चाललंय. मोजणीला काही सेकंद उरले की इशारा होतो, दहा-बारा राष्ट्रं एकदम आत येतात, आणि सर्व्हर तुमच्यापाशी पोचतो तेव्हा त्या सगळ्यांच्या एंडोर्समेंट त्यांच्या म्होरक्यामागे उभ्या असतात. झालं. सकाळी पाहता तो झेंडा बदललेला, प्रदेशाचं वर्णन बदललेलं, दूतावास बंद होत चाललेले. काही टोळ्यांना एवढी निशाणी ठेवूनच पुढे जायचं असतं. ज्यांना मुक्काम ठोकायचा असतो ते रहिवाशांना एकेक करून हाकलतात आणि दाराला पासवर्ड लावतात. प्रदेश पूर्ण रिकामा झाला तर तो संपतो, आणि त्याच नावाने कोणीही पुन्हा काढू शकतं. वर्षांची जमवाजमव अशी परक्याच्या खात्यावर जाते.

याला उतारा म्हणजे इन्फ्लुएन्स. २००३ मध्ये द पॅसिफिकच्या डेलिगेटने सत्ता पक्की करून विरोधकांना धडाधड बाहेर काढलं, त्यातून न्यू पॅसिफिक ऑर्डर ही राजवट उभी राहिली. तेव्हा हाकलायला काही खर्च पडत नसे. २००६ मध्ये इन्फ्लुएन्स आला: एखाद्या प्रदेशात राहून, एंडोर्समेंट मिळवून तो साठतो, आणि डेलिगेटला कोणाला हाकलायचं तर तो खर्चावा लागतो, हाकलायचं राष्ट्र जितकं मुरलेलं, तितका खर्च जास्त. म्हणजे तुमच्या फ्रंटियरमधली जुनी, एंडोर्समेंट असलेली, हलवायला महाग पडणारी राष्ट्रं हीच तिथली तटबंदी. संघाचं ‘संरक्षण दल’ बाहेरून धावत येईल ही कल्पना अर्धीच खरी आहे. अर्धं दल तिथे कायम मुक्कामाला असायला हवं, कारण मुक्कामाशिवाय इन्फ्लुएन्स साठत नाही. वर्ल्ड असेंब्लीच्या सुरक्षा परिषदेचा लिबरेशन ठराव करून पासवर्डचा अडथळा काढता येतो, हे खरं. पण ठराव मताला यायलाच आधी डेलिगेटांची मान्यता गोळा करावी लागते, मग मतदानाचे चार दिवस. तेवढ्यात हल्लेखोरांनी बरंच उरकलेलं असतं.

आता तुम्ही लिहाल त्या घटनेकडे. ती निरर्थक आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मोठे प्रदेश वर्षानुवर्षं कायद्याने चाललेत आणि त्याचं गुपित एवढंच, की त्यांनी आपला कायदा प्रोग्रामच्या चालीवर बेतलाय. द नॉर्थ पॅसिफिकमध्ये प्रादेशिक सभा आहे, सभापती आहे, न्यायालय आहे, हक्कांची सनद आहे, आणि जानेवारी, मे, सप्टेंबर अशा दर चार महिन्यांनी निवडणुका होतात. पण मला त्यात सर्वांत हुशारीची वाटते ती उपडेलिगेटची तजवीज. त्याने एंडोर्समेंटमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहायचं असतं. डेलिगेट गायब झाला, तर पुढच्या अपडेटला सर्व्हर आपोआप कायदेशीर वारसालाच वर चढवतो. सर्व्हरला घटना ठाऊक नाही, तरी तो तिचं पालन करतो, कारण माणसांनी आकडे तसे रचून ठेवलेत. त्याच्या खाली सुरक्षा परिषद: भरपूर एंडोर्समेंट आणि इन्फ्लुएन्स असलेली विश्वासू राष्ट्रं. (वर्ल्ड असेंब्लीचीही सुरक्षा परिषद आहे, नाव एकच, काम वेगळं, नवखे इथे हमखास घोटाळा करतात.) डेलिगेट उलटला तर त्याला ही माणसं चटकन बाहेर काढता येत नाहीत, आणि तेवढ्या वेळात बाकीचे आपली एंडोर्समेंट काढून घेतात.

याची दुसरी बाजू म्हणजे कमाल मर्यादा. कोणीही उठून प्रदेशातल्या सगळ्यांना एंडोर्समेंट देत सुटला, तर निम्मे लोक भिडेखातर परत देतात. याला टार्टिंग म्हणतात. डेलिगेटला ते करावंच लागतं. अनोळखी राष्ट्र गुपचूप करायला लागलं तर घंटा वाजली पाहिजे. म्हणून सामान्य रहिवाशाने अमुक आकड्यापुढे जाऊ नये असा नियम असतो. तो आकडा डेलिगेटच्या आकड्याशी टक्केवारीत बांधा, नाहीतर सहा महिन्यांत कालबाह्य होईल.

सत्तांतराचं एक पूर्ण उदाहरण घेऊ, कारण नवे संघ बहुतेक इथेच अडखळतात. समजा मावळत्या डेलिगेटकडे दोनशे एंडोर्समेंट आहेत आणि निवडून आलेल्याकडे साठ. निकाल जाहीर झाला, अभिनंदनं झाली. प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. आता दोनशे राष्ट्रांना टेलिग्राम जातो, की याची एंडोर्समेंट काढा, त्याला द्या. निम्मे वाचत नाहीत. वाचणाऱ्यांतले काही फक्त दुसरी गोष्ट करतात, पहिली विसरतात. दोन-तीन आठवडे हेच चालतं. घाई झाली की मावळता डेलिगेट वर्ल्ड असेंब्लीचा राजीनामा देतो. त्याचा आकडा शून्य होतो आणि पुढच्या अपडेटला दुसऱ्या क्रमांकाचं राष्ट्र वर येतं. आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडून आलेला नसून तिसराच कोणी असेल तर? म्हणून क्रम असा ठेवा: उमेदवाराला निकालानंतर आधी चढू द्यायचं, तो उपडेलिगेटच्याही पुढे गेला याची खात्री करायची, मगच राजीनामा. घटनेत ‘निकालाच्या दिवशी पदभार स्वीकारेल’ असं लिहिलंत तर ते कलम दर निवडणुकीत मोडलं जाईल, आणि एक कलम रोज मोडायची सवय लागली की बाकीच्यांची किंमतही उतरते.

हा त्रास नको म्हणून द साऊथ पॅसिफिकने वेगळी वाट धरली: सरकार पंतप्रधान चालवतो, डेलिगेट हे वेगळं पद. पंतप्रधान बदलला तरी एंडोर्समेंट हलवाव्या लागत नाहीत. संघासाठी मला हीच वाट बरी वाटते. तुमचा संघाध्यक्ष कुठल्याही प्रदेशाचा डेलिगेट नसावा, आणि त्याच्या निवडीमुळे एकही बटण इकडचं तिकडे होऊ नये.

मतांचं म्हणाल, तर लोकसंख्येनुसार जागा वाटायचं कलम ताबडतोब काढा. राष्ट्रं फुकट निघतात. उद्या एखाद्याने आपल्या प्रदेशात दोनशे कठपुतळी राष्ट्रं आणून ठेवली तर खालचं सभागृह त्याचं. मोजायचीच असतील तर वर्ल्ड असेंब्लीची सदस्य राष्ट्रं मोजा, कारण तिथे एक माणूस एक राष्ट्र हे संकेतस्थळच सांभाळतं, तुम्हाला पोलीस नेमावे लागत नाहीत. त्यातही निदान महिनाभराचा रहिवास पाहा, नाहीतर मतदानाच्या आदल्या रात्री यात्रा भरते. महत्त्वाच्या ठरावांना पाचपैकी तीन प्रदेश आणि सदस्य राष्ट्रांचं बहुमत, दोन्ही हवीत. दोन सभागृहांचं काम एवढ्यात होतं.

वर्ल्ड असेंब्लीकडूनही शिकण्यासारखं आहे, कारण अखेर तोही एक संघच. (२००८ पर्यंत तिचं नाव संयुक्त राष्ट्रसंघ होतं, खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने हरकत घेतली म्हणून बदलावं लागलं. काल्पनिक राष्ट्रांना आलेली ही बहुधा सर्वांत वजनदार नोटीस.) प्रस्ताव मताला यायला ६ टक्के डेलिगेटांची मान्यता लागते. डेलिगेटच्या मताचं वजन त्याच्या एंडोर्समेंटइतकं जास्त, त्यामुळे पहिल्याच दिवशी तीन-चार बड्या प्रदेशांनी एका बाजूला मत टाकलं, की पुढचे बरेच जण मजकूर न वाचता त्याच बाजूला जातात. संयुक्तपणे मत देणारा पाच प्रदेशांचा गट म्हणून तुमचं वजन इथेच दिसेल, तेव्हा मत कसं ठरवायचं ते लिहून ठेवा. आणि तिथली एक शिस्त उचलण्याजोगी आहे: मंजूर ठरावात दुरुस्ती करता येत नाही, तो रद्द करायचा आणि नवा आणायचा. सुरुवातीला जाचक वाटतं. पण ‘कलम ७, उपकलम ३, दुसऱ्या दुरुस्तीनुसार’ असली गोधडी होत नाही आणि नव्या सदस्याला कायदा एका बैठकीत वाचता येतो.

पदांचा हिशेब करा. मसुद्यात अध्यक्ष, पाच मंत्री, खालच्या सभागृहात पंधरा, वरच्यात दहा, तीन न्यायाधीश: चौतीस पदं. पाचही प्रदेश मिळून आठवड्यातून तीनदा तरी फिरकणारी माणसं किती? तुमच्या पत्रावरून दहा-बारा. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर तीन टोप्या, आणि ज्याने कायदा लिहिला तोच न्यायाधीश. नाकापेक्षा मोती जड. एक सभा, एक अध्यक्ष, एक संरक्षणप्रमुख, एक माणूस नव्यांच्या स्वागताला, इतकं पुरे. मुदत तीन-चार महिन्यांची ठेवा; इथला उत्साह तेवढाच टिकतो. गणपूर्ती एकूण सदस्यांवर मोजू नका, गेल्या महिन्यात एकदा तरी मत दिलेल्यांवर मोजा, नाहीतर सोडून गेलेली माणसं तुमची सभा बंद पाडतील. पंधरा दिवस कळवल्याविना गैरहजर राहिलेल्याचं पद आपोआप रिकामं व्हावं, अविश्वास ठराव न आणता. त्याने कोणाचा अपमानही होत नाही.

न्यायालयाबद्दल फार लिहीत नाही. लहान संघात खटला म्हणजे दोन माणसांचं बिनसलेलं असतं आणि कलमं नंतर शोधली जातात. एक तटस्थ लवाद, गरजेपुरता, प्रदेशाबाहेरचा असला तर उत्तम.

संघ सोडायच्या कलमावर मात्र वेळ घाला. तुमच्या मसुद्यात ‘संघ अभंग आहे’ असं म्हटलंय. एखाद्या प्रदेशाने उद्या जायचं ठरवलं तर अडवायला तुमच्या हातात आहे काय? कर नाही, तिजोरी नाही. दूतावास बंद करता येईल, बस. स्टँप घेऊन टेलिग्राम पाठवायला खरे पैसे पडतात, तेव्हा सामाईक भरतीसाठी कोणी ते भरले असतील तर तेवढा एक खरा हिशेब उरतो. तो कसा मिटवायचा हे आधीच लिहा. बाकी तीस दिवसांची सूचना, त्या काळात संरक्षणाची जबाबदारी चालू, आणि सामाईक चर्चांच्या नोंदींची प्रत दोघांकडे. जाणारा नीट गेला तर पुढच्या वर्षी परत येतो, असं पुष्कळदा घडलेलं आहे.

नोंदींवरून आठवलं. डिस्कॉर्ड सर्व्हर कोणाच्या खात्यावर आहे? चर्चामंचाचा मूळ प्रशासक कोण? तुमच्या घटनेत याचा उल्लेख नाही, आणि बहुतेकांच्या घटनांत नसतो. अध्यक्ष निवडून येतो, जातो. सर्व्हरचा मालक तोच राहतो, आणि भांडण पेटलं की एका रात्रीत सभा, कायदे, मतदानाच्या नोंदी सगळं त्याच्या मर्जीवर. झेटाबोर्ड्ससारख्या फुकटच्या मंचांचं टॅपाटॉकमध्ये स्थलांतर झालं तेव्हा जुन्या प्रदेशांना आपले दस्तऐवज सांभाळताना काय धावपळ झाली, ते जुने खेळाडू सांगतील. मालकी अशा माणसाकडे द्या जो पदासाठी उभा राहत नाही, आणि कायद्यांची एक प्रत खेळातच डिस्पॅचमध्ये, म्हणजे राष्ट्राच्या जाहीर लेखात, ठेवा.

एकाच माणसाने दोन प्रदेशांत दोन नावांनी पदं घ्यायची का, हा प्रश्न आज ना उद्या येईलच. बंदी घालू नका, ती पाळली जात नाही. पदासाठी उभं राहताना दुसरीकडची पदं जाहीर करायची, लपवली तर पद जाईल, एवढं बस. खरं नाव, पत्ता, फोटो कोणाकडे मागायचा नाही हेही लिहून टाका. तुमच्यात शाळकरी मुलं असणारच आहेत.

आता पहिलं काम. घटनेवर मतदान ठेवण्याआधी दोन्ही फ्रंटियरमध्ये उपडेलिगेट नेमा, त्यांना दुसऱ्या क्रमांकावर आणा, आणि तिन्ही स्ट्राँगहोल्डमधून मिळून निदान सहा सदस्य राष्ट्रं तिथे कायमची राहायला पाठवा. कोण जायला तयार होतं ते बघा आणि मला कळवा. त्या यादीवरून मसुद्यातली कोणती कलमं ठेवायची ते सांगता येईल.